जीरावनची डबी आणि बर्गकँपचा गोल

आमच्या पोहेवाल्याकडे टेबलावर जीरावनची (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) जी स्टीलची डबी असते ना, झाकणाला भोकं पाडलेली, ती गेली पंधरा वर्षं निकोस दबिझास आहे. दबिझास म्हणजे न्यूकॅसल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा जुना डिफेंडर, ग्रीक माणूस, त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल की इंदूरला राजेंद्रनगरमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी एक रविवार असा उगवतो की त्याला चकवून एक लिंबाची फोड पुढे निघून जाते. फोड म्हणजे बॉल. बर्गकँप, म्हणजे लंडनच्या आर्सनल क्लबचा जुना डच फॉरवर्ड, ही माझी दोन बोटं. पाण्याचा ग्लास गोलकीपर शे गिव्हन, आणि जिलबीची प्लेट जिथे असेल तिथे गोलपोस्ट.

तर मागच्या रविवारी परत तेच झालं. आम्ही पाच जण, सगळे आर्सनलवाले, त्यातले चार चाळिशीच्या अल्याडपल्याड आणि पाचवा माझा भाचा, वय वीस, जो येतो पोह्यांसाठी आणि थांबतो भांडणासाठी. डॉक्टरने (दातांचा आहे, पण डॉक्टर म्हटलं की खूश असतो) शेव टाकता टाकता नेहमीची काडी टाकली, की आपल्या क्लबचा आजवरचा सगळ्यात मोठा प्लेयर कोण, एकच नाव सांगायचं. नियम एवढाच की सध्या टीममध्ये असलेला कोणी चालणार नाही, कारण जो अजून खेळून राहिलाय त्याचं नाव घेतलं की नेमका पुढच्या आठवड्यात त्याचा हॅमस्ट्रिंग जातो, हे आमच्या ग्रुपमधे सिद्ध झालेलं आहे.

लोक विचारतात की इंदूरचा मराठी माणूस या असल्या क्लबच्या नादी लागला कसा. उत्तर एकदम साधं आहे, केबल. २००१ च्या आसपास शनिवारी संध्याकाळी ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सवर इंग्लंडच्या मॅचेस लागायच्या, क्रिकेट नसेल त्या दिवशी दुसरं बघायला काय होतं, आणि एका टीमच्या छातीवर चक्क तोफ होती. १८८६ मधे वुलिचच्या तोफखान्यातल्या कामगारांनी काढलेला क्लब, हे नंतर कळलं. होळकरांच्या गावात वाढलेल्या पोराला तोफ आवडणारच ना यार. एकदा तोफ आवडली की मग माणूस फसला, पुढची वीस-पंचवीस वर्षं काय काय बघावं लागणार आहे हे तेव्हा कोणी सांगत नाही.

पहिलं मत भियाचं. आमच्यात तो एकटा हिंदीवाला, पण मराठी सगळं कळतं, शिव्या तर जास्तच कळतात. त्याचं म्हणणं दर वेळी एका वाक्यात संपतं, "देख भिया, गोल गिन और बात खतम." थिएरी ऑन्री, २२८ गोल, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त. (आम्ही सगळे २००६ पर्यंत हेन्री म्हणायचो, मग डॉक्टर कुठून तरी ऑन्री शिकून आला आणि आता हेन्री म्हणणाऱ्याकडे तो असा बघतो जसं कोणी पोह्यांवर सॉस मागितलाय.) तर ऑन्री १९९९ मधे युवेंटसकडून आला तेव्हा विंगर होता, सुरुवातीचे किती तरी सामने त्याला गोलच होईना, आणि मॅनेजर वेंगरने त्याला मधे स्ट्रायकर म्हणून उभा केला तो केलाच. २००३-०४ ला टीम अख्ख्या लीगमधे एकही मॅच हरली नाही, ३८ पैकी २६ जिंकल्या आणि १२ बरोबरीत, त्यात याचे एकट्याचे ३० गोल. हायबरी या आपल्या जुन्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला, ७ मे २००६, विगनविरुद्ध हॅटट्रिक केली आणि गुडघ्यावर बसून गवताचा मुका घेतला. भिया हे सांगतो तेव्हा स्वतः खुर्चीवरून अर्धा उठतो, आम्हाला भीती असते की एखाद दिवशी हा पोहेवाल्याच्या फरशीचा मुका घेईल.

माझं ऑन्रीशी काही वैर नाही. २०१२ च्या जानेवारीत तो दोन महिन्यांसाठी परत आला होता ना, लीड्सविरुद्ध एफए कपला, तेव्हा इकडे पहाटेचे तीन वाजत आले होते, बायको शेजारच्या खोलीत झोपलेली, आणि तो बाकावरून उठून आत आला. दहा मिनिटांत डावीकडून आत घुसून, तोच जुना उजव्या पायाच्या आतल्या बाजूने लांबच्या पोस्टला लावलेला बॉल. मी उशी तोंडात धरून ओरडलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधे दोन एंट्र्या उलट्या टाकल्या आणि काही वाटलं नाही.

पण डॉक्टरकडे ऑन्रीविरुद्ध एक हत्यार आहे आणि तो ते बरोबर काढतो, की बाबा २२८ मधले मोठ्या फायनलमधे किती? आणि भिया गप्प. २००६ ला पॅरिसमधे चॅम्पियन्स लीगची फायनल, गोलकीपर लेमान रेड कार्डने बाहेर गेलेला, दहा जणांत खेळत कॅम्पबेलच्या हेडरवर आपण पुढे, आणि ऑन्री एकटा बार्सिलोनाच्या वाल्देससमोर. गेला बॉल गोलकीपरच्या अंगावर. त्यानंतर काय झालं ते मला लिहायचं नाहीये, ज्यांना माहिती आहे त्यांना माहिती आहे.

डॉक्टरचा माणूस टोनी अ‍ॅडम्स. आता दातांच्या डॉक्टरला सेंटर-बॅक का आवडतो याच्यावर आमचे विनोद करून झाले, नवीन काही उरलं नाही. अ‍ॅडम्स एकविसाव्या वर्षी कॅप्टन झाला, अख्खं करियर एकाच क्लबमधे, ६६९ मॅचेस, आणि ऐंशी, नव्वद आणि दोन हजार अशा तीन दशकांत कॅप्टन म्हणून लीग जिंकली. पण डॉक्टर हे आकडे सांगतच नाही. तो सांगतो ते वेगळं. की १९८९ मधे मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एक गोल आपल्या बाजूने आणि एक स्वतःच्याच गोलमधे मारल्यावर पेपरने त्याला गाढवाचे कान लावून फोटो छापला. की १९९० च्या डिसेंबरात दारू पिऊन गाडी चालवली म्हणून जेलमधे गेला, बाहेर आला, आणि त्याच सीझनला लीगची ट्रॉफी उचलली. की १९९६ ला टीममधे सगळ्यांसमोर कबूल केलं की मी दारुडा आहे आणि सोडली, आणि पुढे जाऊन २००० मधे अशाच व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी क्लिनिक काढलं. आणि मग १९९८, ३ मे, एव्हर्टन, तीन-शून्य पुढे असताना स्टीव बोल्डने बॉल वरून टाकला, अ‍ॅडम्स पळत आला, छातीने घेतला आणि डाव्या पायाने हाणला. दोन सेंटर-बॅक, एकाने पास दिला, एकाने गोल मारला. डॉक्टरचे वडील खूप पीत असत, हे आम्हा सगळ्यांना माहितीये, आणि म्हणून अ‍ॅडम्सवर आम्ही फार वाद घालत नाही. तेवढं कळतं.

बँकवाला इयान राईटचा. इथे मात्र मजा असते. राईट तसा उशिरा आलेला माणूस, बाविशीच्या तोंडावर पहिला प्रोफेशनल करार, त्याच्या आधी मजुरी आणि रविवारची मैदानं. १९९१ ला आर्सनलमधे आला आणि गोल करतच सुटला, शेवटी १८५. क्लिफ बॅस्टिनचा १७८ चा रेकॉर्ड तिसाच्या दशकापासून तसाच उभा होता, तो मोडायला राईटने जर्सीच्या आत बनियनवर १७९ लिहून तयारी केलेली. १३ सप्टेंबर १९९७, बोल्टन. गोल झाला, जर्सी वर, बनियन दाखवला, नाचला, सगळं केलं. आणि तो होता १७८ वा. म्हणजे बरोबरी झालेली फक्त! थोड्या वेळाने अगदी गोललाइनवरून बॉल आत ढकलून खरा १७९ वा केला आणि परत बनियन दाखवला. बँकवाल्याला ही गोष्ट इतकी आवडते की काय सांगू, तो म्हणतो आयुष्यभर मी कॅशची टॅली जुळवली, रात्री आठ-आठपर्यंत एका रुपयासाठी बसलो, आणि हा माणूस एकने चुकला आणि स्टेडियम नाचलं. मोठेपणा यालाच म्हणतात असं त्याचं म्हणणं. कोणी उलटं काही बोललं तर तो फक्त "एकने चुकला" एवढंच म्हणून हसत सुटतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि मी बर्गकँपचा. १९९५ ला इंटर मिलानकडून आला, ऑन्रीच्या आधी, वेंगरच्याही आधी. गोल १२०, म्हणजे भियाच्या हिशोबात कुठेच नाही. विमानात बसायला घाबरायचा, करारातच होतं की उडणार नाही, त्यामुळे युरोपातल्या लांबच्या मॅचेसला टीम पुढे आणि हा घरी. भिया म्हणतो, अरे जो माणूस मॅचलाच येत नाही तो ग्रेट कसा. माझी आत्या अशीच आहे, मुंबईला जायचं तर अवंतिका एक्सप्रेस, तिकीट नाही मिळालं तर लग्न कॅन्सल. पण आत्या आली की लग्नघर कसं चालतं ते बघावं, कोणाला काय कधी पाहिजे ते तिला त्याच्या आधी माहिती. बर्गकँप तसाच होता. ऑन्री पळायला सुरुवात करायच्या आधी बॉल तिकडे निघालेला असायचा. गोल मोजता येतात, हे कसं मोजणार?

मग येतो तो गोल. २ मार्च २००२, न्यूकॅसलच्या मैदानावर. पिरेसने डावीकडून जोरात पास दिला, बर्गकँपची पाठ गोलकडे, मागे दबिझास चिकटलेला. मी इथे जीरावनची डबी घट्ट धरून ठेवतो. बॉल आला, एका पायाने नुसता स्पर्श, बॉल दबिझासच्या एका बाजूने निघाला आणि बर्गकँप स्वतः गर्रकन फिरून दुसऱ्या बाजूने, आणि पलीकडे दोघं परत भेटले, जसं नवराबायको सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गर्दीत हात सुटून गेले आणि जिलबीच्या कढईपाशी परत भेटले. मग खांद्याने दबिझासला जरा लांब ठेवलं आणि गिव्हनच्या बाजूने आरामात आत सरकवला. घाई नाही, काही नाही.

यावर दर वेळी तोच वाद, की ते मुद्दाम केलं की चुकून झालं. भिया म्हणतो पास मागे पडला होता, तुक्का लागला. बर्गकँप स्वतः म्हणतो ठरवून केलं. भिया म्हणतो तो दुसरं काय म्हणणार. या रविवारी डबी उचलून मी परत दाखवलं, लिंबू टेबलावरून खाली बँकवाल्याच्या बुटावर पडलं, पोहेवाल्याने नवीन फोड दिली, न विचारता. त्याला सवय झालीये.

आता माझा खरा मुद्दा सांगतो, जो मी दर वेळी मांडतो आणि दर वेळी मोठ्याने मांडतो. आजकाल कोणीही पाच मिनिटांच्या क्लिपा बघून येतं आणि मत देतं. क्लिपमधे सगळेच ग्रेट दिसतात हो. माझा नियम असा की ज्याला तुम्ही कंटाळवाण्या दिवशी बघितलंय, पावसात, शून्य-शून्यमधे, ज्या दिवशी त्याचा बॉल पायाला चिकटत नव्हता आणि तरी तुम्ही नव्वद मिनिटं टीव्ही बंद नाही केला, फक्त त्याच्याच बाजूने बोलायचा तुम्हाला हक्क. म्हणून मी लिअम ब्रेडीचं नाव घेत नाही, जरी सगळे जुने लोक म्हणतात की त्याच्या डाव्या पायासारखा पाय झाला नाही. बॅस्टिनचं घेत नाही. मी नाही बघितलं, विषय संपला.

हा नियम काढल्यावर माझ्यावर उलटला तो भाचा. त्याने शांतपणे जिलबी संपवली आणि म्हणाला, "मग माझा काझोर्ला."

सगळे हसले. सान्ती काझोर्ला, आपला स्पॅनिश मिडफिल्डर, उंची जेमतेम साडेपाच फूट, चार-साडेचार सीझन खेळला, लीग जिंकली नाही. पण पोरगा बोलत गेला आणि आम्ही हळूहळू गप्प होत गेलो. २०१४ ची एफए कप फायनल, भाचा तेव्हा नऊ वर्षांचा, माझ्याच घरी बघायला आला होता. हल सिटीविरुद्ध पहिल्या आठ मिनिटांत आपण दोन-शून्य मागे. नऊ वर्षं ट्रॉफी नव्हती, आणि ते पोर म्हणजे बरोब्बर तेवढ्याच वर्षांचं, त्याने आपल्या क्लबला काही जिंकताना बघितलंच नव्हतं. मी तर उठून चहा करायला निघून गेलो होतो (हे त्याने सगळ्यांना सांगितलं, गरज नव्हती). सतराव्या मिनिटाला काझोर्लाची फ्री किक, लांबून, सरळ वरच्या जाळीत. मग कॉसिएल्नी, मग एक्स्ट्रा टाइममधे रॅम्सी, तीन-दोन. भाचा म्हणाला, "मामा, तुला रॅम्सीचा गोल आठवतो. मला फ्री किक आठवते, कारण तेव्हा तू किचनमधे होतास आणि मी एकटाच होतो."

आणि पुढे तो म्हणाला की तुझ्या नियमाने बघ, मी काझोर्लाच्या झाडून सगळ्या मॅचेस बघितल्यात. डावा पाय खरा की उजवा हे शेवटपर्यंत कळलं नाही, कॉर्नर दोन्ही पायांनी मारायचा. २०१६ च्या ऑक्टोबरात घोट्याचं दुखणं झालं आणि तो परत आर्सनलसाठी खेळलाच नाही. जखमेत बॅक्टेरिया गेले, टाचेच्या वरची जी शीर असते तिचा आठ सेंटिमीटर तुकडा खाऊन टाकला, डॉक्टर म्हणाले मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी नशीब समज. ऑपरेशनवर ऑपरेशन. घोट्यावर लावायला हातावरची कातडी काढली, आणि हातावर मुलीच्या नावाचा टॅटू होता, तो अर्धा आता पायावर आहे. मुलीचं नाव इंडिया. हे ऐकून आमचा डॉक्टर, जो रोज दाढा उपटतो, त्याने प्लेट खाली ठेवली. आणि एवढं होऊन तो माणूस परत खेळला, विल्यारियलला, आणि नंतर जिथे लहानपणी शिकला त्या ओव्हिएदोला जाऊन, कमीत कमी पगारावर, आणि चाळीस ओलांडल्यावर २०२५ मधे त्यांना वरच्या लीगमधे घेऊन गेला.

भिया म्हणाला, "ये तो इमोशनल अत्याचार है." पण हळू म्हणाला.

मी मात्र त्या वेळी तिथे नव्हतोच, मी पोचलो होतो रामबागेत, आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर. कारण हे भांडण मी आधी ऐकलेलं होतं, नावं फक्त वेगळी. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना नाना आजोबा म्हणायचो, दोघं संध्याकाळी ओट्यावर बसून होळकर टीमवर भांडायचे. होळकर टीम म्हणजे ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, चाळीस-पन्नासच्या दशकात आपल्या या इंदूरच्या संस्थानी टीमने चार वेळा रणजी ट्रॉफी जिंकली, आणि मुंबईला घाम फोडला. आजोबा कर्नल सी. के. नायडूंचे, नाना आजोबा मुश्ताक अलींचे. एकदा यावरून दोघं चार दिवस बोलले नव्हते, जेवणाच्या पाटावर आजीमार्फत मीठ मागायचे.

नाना म्हणायचे, हिंदुस्थानकडून परदेशात पहिलं टेस्ट शतक ठोकणारा कोण, १९३६, ओल्ड ट्रॅफर्ड, ११२, मर्चंटबरोबर ओपनिंगला २०३ ची भागीदारी, आपल्या इंदूरचं पोरगं. आजोबा म्हणायचे, आणि त्याला बॅट धरायला शिकवलं कोणी? कर्नलनीच ना? मग आजी आतून ओरडायची की सरवट्यांचं नाव कोणी घेत नाही, आपला माणूस म्हणून. आजीचं क्रिकेटचं ज्ञान एवढंच, पण ते पक्कं होतं, की १९४६ ला ओव्हलवर सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी, दहा आणि अकरा नंबरचे दोघं, शेवटच्या विकेटला २४९ धावा करून गेले, दोघांचीही शतकं. "शेपटीने घर राखलं," म्हणायची. माझ्या मते तिघांत तिचाच पॉइंट सगळ्यात स्ट्राँग होता.

आजोबांचं ब्रह्मास्त्र म्हणजे १९२६ ची मुंबईची इनिंग. जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी टीमविरुद्ध नायडूंच्या १५३, त्यात अकरा सिक्सर. प्रत्येक सिक्सर कुठे पडला ते आजोबा काठीने दाखवायचे. हा असा छपरावर, हा असा झाडीत, हा तो गोरा बोलर नुसता बघत राहिला. मी ती इनिंग शंभर वेळा बघितलीये असं म्हटलं तरी चालेल, आमच्या अंगणात, तुळशीच्या कुंडीच्या डावीकडून उजवीकडे.

आजोबा गेल्यावर पेन्शनचे कागद लावताना मी त्यांची जन्मतारीख लिहिली. १९३१.

म्हणजे बघा. आणि गंमत अशी की १९४५-४६ ची रणजी फायनल इथेच यशवंत क्लबवर झाली होती, बडोद्याविरुद्ध, होळकर जिंकले, आणि पन्नास वर्षांच्या नायडूंनी त्यात २०० केल्या. ती मॅच आजोबांनी खरंच बघितली होती, शाळा बुडवून, नानांना खांद्यावर घेऊन. ती ते कधी सांगायचेच नाहीत. एकदा मी खोदून विचारलं तर म्हणाले, "हो, बघितली. ऊन भयंकर होतं. कर्नल दमले होते रे." बस. एवढंच. न बघितलेल्या इनिंगचे अकरा सिक्सर मोजून दाखवणारा माणूस, बघितलेल्या डबल सेंचुरीबद्दल सांगतो की ऊन होतं.

अजून एक मनात राहिलेलं लिहून टाकतो. मुश्ताक अली साहेब १८ जून २००५ ला गेले, इथेच, इंदूरमधे. मी अठरा वर्षांचा होतो. नानांनी किती वेळा म्हटलं होतं की चल तुला एकदा भेटवतो, आणि मी दर वेळी पुढे ढकललं. सकाळी पेपरमधे बातमी बघितली, अरेरे म्हटलं आणि पान उलटलं. पुढच्याच महिन्यात आर्सनलने कॅप्टन पॅट्रिक व्हिएराला युवेंटसला विकलं आणि मी दोन दिवस जेवलो नाही. आईला वाटलं रिझल्टचं काही आहे.

तर आता परत पोह्यांवर येतो. बँकवाल्याने तोडगा काढला की चिठ्ठ्या टाकू, गुप्त मतदान. टिश्यू पेपरवर सगळ्यांनी नावं लिहिली, स्टीलच्या ग्लासात टाकली, आणि तेवढ्यात पैशांवरून "मी देतो, मी देतो" सुरू झालं, आणि दुकानातल्या पोराने टेबल पुसता पुसता ग्लास उलटा करून चिठ्ठ्या सुक्या कचऱ्यात टाकून दिल्या. इंदूर आहे भिया, इथे कागद टेबलावर दोन मिनिटं राहू शकत नाही. डस्टबिनमधून काढायला कोणी तयार होईना. बँकवाला म्हणाला मतमोजणी पुढच्या वेळी.

माझ्या चिठ्ठीवर काय होतं ते सांगतो. बर्गकँपच होतं. मी काही एवढा मोठ्या मनाचा नाही.

उठता उठता भाच्याने विचारलं, "मामा, तो न्यूकॅसलवाला गोल तू लाइव्ह बघितला होतास ना?"

"हो मग," मी म्हटलं.

इथे खरं लिहितो, कारण ग्रुपमधलं कोणी ब्लॉग वाचत नाही. नाही बघितला. २००२ चा मार्च होता, माझी नववीची परीक्षा तोंडावर, आणि त्या काळात मध्य प्रदेशात लाइट किती जायची हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, आम्ही अर्धा अभ्यास कंदिलावर केलाय. मॅच सुरू व्हायच्या जरा आधी लाइट गेली. परत आली तेव्हा दोन-शून्य झालेलं होतं आणि बर्गकँप मधल्या वर्तुळाशी उभा राहून मोजे वर ओढत होता. मोजे ओढताना बघितलं मी त्याला लाइव्ह. गोल दुसऱ्या दिवशी रिप्लेमधे. आणि त्यानंतर माझ्या वाट्याला आलेला बर्गकँप म्हणजे बराचसा उतरणीचा, बदली म्हणून येणारा, २००६ च्या त्या पॅरिसच्या फायनलला बाकावरच बसून राहिलेला. तोही खूप बघितला. त्याच्याबद्दल मी टेबलावर कधी काही सांगत नाही, काय सांगणार, जॅकेट घालून बसला होता.

भाचा अजून माझ्याकडे बघत होता. "नाही, विचारलं अशासाठी," म्हणाला, "की आज तू लिंबू डबीच्या डावीकडून नेलंस. दिवाळीत उजवीकडून नेलं होतंस. नक्की कुठून गेला होता तो?"

सगळे थांबले. भियाच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी लिहीत नाही.

"क्लिप लावू?" भाच्याने फोन काढला.

"ठेव तो खिशात," मी म्हटलं, आणि परत दाखवायला म्हणून हात पुढे केला, तर पलीकडच्या टेबलावरून कोणी तरी जीरावन मागितलं आणि पोरगा दबिझासला उचलून घेऊन गेला.